बाबांना चंद्रपूर आवडावं म्हणून

२१ डिसेंबर, रविवार
बाबा आले. निकेश त्यांना वडशाहून रेल्वेने घेऊन आला. आई गेल्याला वर्ष झालं. धाकटा म्हणून निकेश गावी शेती बघतो आणि बाबा आजवर त्याच्याकडेच होते. आता माझी पाळी. नाही, 'पाळी' शब्द बरोबर नाही. संधी.
निकेश जाताना म्हणाला, सव्वीस जानेवारीले येतो, करमलं तं ठीक, नाई तं घेऊन जातो. बाबांच्या समोर म्हणाला. बाजारातून आणलेली गाय परत करायची असावी तसं.
बाबा परत जाणार नाहीत. मोठ्या शहरात साधं सुख मिळत नाही असं लोक म्हणतात. (चंद्रपूरला मोठं शहर म्हटलं की पुण्याचे लोक हसतात. पण जिथे महानगरपालिका ते महानगर. हा कायदा आहे, माझं मत नाही.) सुख मिळतं, बघायची नजर हवी. ती मला आहे. उद्यापासून रोज एक साधा आनंद. एकच. ओव्हरडोस नको.

२२ डिसेंबर
पहिला आनंद: तलावाकाठी पहाटेचा वॉक. बाबांना कानटोपी, मफलर, माझं जुनं जॅकेट. अर्धा तास चालल्यावर त्यांनी विचारलं, कोनाचं ढोर हरवलं का? मी सांगितलं, हे सगळे लोक फिरायला आलेत. त्यांनी परत विचारलं, कुठी जाऊन राह्यले? कुठेही नाही म्हटल्यावर त्यांनी वळून सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.
सूर्य उगवताना त्यांना थांबवून दाखवला. त्यांनी पाहिला. ओळखीचा माणूस दिसावा तशी मान हलवली.
प्रामाणिक प्रश्न: मला स्वतःला आनंद झाला का? तेव्हा मी बाबांना होतोय का ते बघत होतो. म्हणजे माझा पेंडिंग.

२५ डिसेंबर
कॉलेजला सुट्टी. आनंद: बाल्कनीत निवांत चहा. मोबाईल बंद, टीव्ही बंद, बोलणंही शक्यतो बंद. बाबांनी बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि उठायला लागले. त्यांना बसवून घेतलं. आधी वास घ्यायचा, मग कपाची ऊब तळहाताला जाणवू द्यायची, हे समजावलं. कप रिकामा होता, पण तत्त्व कळलं असावं.
स्वयंपाकघरात पुनम, माझी बायको, हसत होती. विचारलं तर म्हणाली, दुसरंच काही आठवलं. काय ते सांगितलं नाही.

२९ डिसेंबर
संध्याकाळी कॉलेजातून आलो तर बाबा घरात नाहीत. पुनम शांत. म्हणाली, मामाजी (सासऱ्यांना ती असंच म्हणते) खाली आहेत. खाली म्हणजे गेटवर, वॉचमन इसरूच्या शेकोटीला. इसरू धानोऱ्याकडचा, म्हणजे आमच्याच भागातला. दोघं हात शेकत कुणाच्या तरी रेड्याबद्दल बोलत होते. बाबा मोठ्याने हसत होते. त्यांना हसताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं.
पण शेकोटी! सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मीच गेल्या हिवाळ्यात आवारात जाळ करायला बंदी घातली आहे. थर्मल पॉवरचा धूर कमी आहे का? त्यात आपली भर नको. नियम सगळ्यांना सारखा. रात्री विचार केला आणि फ्लॅट ३०२ ला, म्हणजे मला, लेखी ताकीद काढली. सेक्रेटरी म्हणून सही केली, फ्लॅटधारक म्हणून पोच दिली. पुनमला दाखवली. तिने ती फ्रीजवर लावली.
एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. बाबांना ऊब आवडते. उद्या रूम हीटर.

१ जानेवारी
संकल्प: बाबांच्या मागे मागे फिरायचं नाही. माणसाला मोकळं सोडलं की तो आपणच आनंद शोधतो.
सायं. ५: मागे गेलो. पण रस्ता ओलांडायचा होता आणि ट्रक कोळशाचे असतात. हा संकल्पाचा भंग नाही, सुरक्षा आहे.
हीटरसमोर बाबा बसत नाहीत. म्हणाले, याच्याशी का बोलाचं?

५ जानेवारी
बाबा रोज दुपारी बिनबा गेटकडे जातात असं कळलं. ऑटोने. ऑटोवाला आरमोरीचा आहे, ही माहिती बाबांची. तिथे पोचू नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. पोचू सिरोंच्याकडचा, अर्धं तेलुगू बोलतो. बाबांना तेलुगू येत नाही. तरी तासन् तास बोलतात म्हणे.
टपरीवरचा चहा हा साधा आनंद माझ्या कार्यक्रमात होताच, फक्त फेब्रुवारीत होता. अलीकडे घेतला. दोघं गेलो. ग्लास गरम पाण्याने विसळायला सांगितलं. पोचूने माझ्याकडे बघून बाबांना विचारलं, साहेब आजारी आहेत का? बाबा म्हणाले, नाई गा, शिकलेले आहेत.
मी हे चांगल्या अर्थाने घेतलं.
परत येताना त्यांना एका स्वच्छ कॅफेत नेलं, तुलनेसाठी. बाबांनी खुर्ची उचलली, रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. त्यांना ट्रॅफिक आवडतो, अशी नोंद.

९ जानेवारी
गावातून फोन. आमच्या गावचं नाटक सतरा तारखेला. शनिवार.
आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटक म्हणजे नुसतं नाटक नसतं. त्या दिवशी ज्याच्या गावात नाटक, त्याच्या घरी पाहुणे. सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, वाटेत भेटलेला माणूससुद्धा. 'आमच्याकडं नाटक आहे, जेवाले या' असं म्हणायचं, आणि आलेला माणूस कोण हे विचारायचं नाही. जेवून सगळ्यांनी मंडपात जायचं आणि उजाडेपर्यंत बसायचं. आमच्या घरी हे बाबांनी कधी चुकवलं नाही. आई आजारी होती त्या वर्षीही नाही.
बाबांनी विचारलं, जाऊ ना गा?
रजा मिळाली असती. प्रामाणिकपणे लिहितो, मिळाली असती. पण एकदा गावी गेले की परत येतील का? आणि आनंद आहोत तिथेच शोधायचा, हेच तर आपलं सूत्र. मी त्यांना सांगितलं, निकेश मोबाईलवरून लाईव्ह पाठवेल, आपण मोठ्या टीव्हीवर बघू. थंडी नाही, धूळ नाही, पुढच्या माणसाचं डोकं मधे नाही.
बाबा म्हणाले, अन् जेवाले कोन येईन?
मी म्हटलं, आपण तिघं.
ते काही बोलले नाहीत. संमती धरली.

१७ जानेवारी, शनिवार, दुपार
पुनम सकाळपासून स्वयंपाकघरात. सोबत दोन बायका. मला वाटलं सोसायटीतल्या असतील. नाहीत. वांगी, वालाच्या शेंगा आणि एवढा भात. तिघांसाठी हे जास्त होतंय असं मी म्हटलं. त्यातली एक बाई पुनमकडे बघून म्हणाली, याइले सांगतलं नाई का वो?
बाबांनी पाहुणे बोलावलेत. किती, असं विचारलं. बाबा म्हणाले, नाटकाले मोजून बलावतेत का?
ठीक आहे. कार्यक्रम मोठा झाला एवढंच. नियोजन माझ्याकडे घेतो.

१८ जानेवारी, सकाळ
काल नेमकं काय झालं ते तटस्थपणे लिहून ठेवणं गरजेचं आहे.
लोक सहापासून यायला लागले. इसरू, त्याची बायको, सासू. पोचू. आरमोरीचा ऑटोवाला आणि त्याच्या ऑटोत मावतील तेवढे. भाजीवाल्या बाया. एक म्हातारे, ते कुणासोबत आले ते कुणालाच माहीत नव्हतं. बाबा दारात उभे राहून प्रत्येकाला 'या, या, बसा' म्हणत होते. अंगावर नवं धोतर. ते त्यांनी कधी आणलं?
चपलांची व्यवस्था मी केली. जिन्यात, मापाप्रमाणे. एकही हरवली नाही. हे कुणीतरी लक्षात घ्यायला हवं होतं.
जेवणं झाली. पुनम वाढत होती. तिला सगळ्यांची नावं ठाऊक. मी त्या म्हाताऱ्यांना त्यांचं नाव, गाव विचारलं, सहज. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायला गेलो.
नाटक सुरू होण्याआधी मी दोन शब्द बोललो. झाडीपट्टी रंगभूमी, लोककला, तिचं जतन. दोन शब्द थोडे लांबले. टीव्हीवर तोवर हिरोची एन्ट्री होऊन गेली. एक पोरगी ओरडली, सरका ना जी. पण एकूण प्रतिसाद चांगला.
मग नाटक रंगलं, हे मान्य. घरातून हाकललेली मुलगी बऱ्याच वर्षांनी परत आली होती. दारात उभी. आई आंधळी, ओळखत नव्हती. इसरूची सासू पदर तोंडाला लावून बसली होती. पोचूला मराठी किती कळत होतं कोण जाणे, पण तोही रडत होता. बाबांचा हात त्या अनोळखी म्हाताऱ्यांच्या खांद्यावर. खरं सांगायचं तर मीही थोडा वेळ घड्याळ बघायचं विसरलो. हा आनंद आहे का, असा मी स्वतःला प्रश्न विचारला. उत्तर येईपर्यंत दहा वाजले.
दहानंतर आवाज बंद, हा नियम. तोही मीच केलेला. मी नाही पाळला तर कोण पाळणार? टीव्ही बंद केला.
भांडले असते तर मी नियम समजावला असता. सगळे काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग बाबा हळूच म्हणाले, "बाई दारातच उभी आहे ना गा अजून."
मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे, सकाळी बघू.
बाबांनी पाहुण्यांना हात जोडले. एकेकाला. आमच्या घरी नाटक अर्ध्यातून उठवल्याबद्दल त्यांनी माफी मागितली. त्यांच्या घरातून पाहुणा मध्येच उठून जाण्याची ही पहिली वेळ. हे मला पुनमने नंतर सांगितलं. चपला सगळ्यांना पटकन सापडल्या.
आजूबाजूला त्रास झाला का, याची आज सकाळी चौकशी करायला निघालो. ३०१ आणि ३०३, दोनच घरं आमच्या भिंतीला लागून. पुनम म्हणाली, राहू द्या, दोन्ही घरचे आपल्याच हॉलमध्ये बसले होते.
मी त्यांना ओळखलं नाही. गर्दी होती.

१९ जानेवारी
बाबांना रेकॉर्डिंग लावून दिलं. बघितलं नाही. म्हणाले, सकाळी कोनी नाटक पाह्यते का?
ते माझ्यावर रागावलेले नाहीत. नेहमीसारखे बोलतात. फक्त मला 'तुमी' म्हणतात.

२१ जानेवारी
बाबा म्हणाले, मी जातो. परवा. मी कारण विचारलं. ते म्हणाले, कारन नाई. मी म्हटलं, निकेशला बोलावतो, स्टेशनवर सोडतो, काही दिवस थांबा तरी. ते म्हणाले, तुमी कॉलेजले जा.
रात्री स्वतःला कठोरपणे तपासलं. कुठे चुकलं? वॉक, चहा, कॅफे, हीटर, सगळं होतं. शेवटी उत्तर सापडलं: शहर. मोठ्या शहरात म्हाताऱ्या माणसाचं मन रमत नाही. त्याला माती लागते. दोष कुणाचाच नाही. स्टाफरूममध्ये हेच सांगेन. वाक्य चांगलं झालंय.

२३ जानेवारी
बाबा गेले. मी वर्गावर असताना. आरमोरीवाल्याचा ऑटो, सोबत पुनम. पुनम संध्याकाळी उशिरा आली. गाडी वेळेवर मिळाली का, विचारलं. तिने पर्स ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, गाडी कशाले लागते? मामाजी बिनबा गेटलेच आहेत. पोचूच्या टपरीमागची खोली. त्याचा भाऊ तेलंगणात गेला तेव्हापासून रिकामीच होती.
मी म्हटलं, पण त्यांना शहर आवडत नाही ना?
ती म्हणाली, असं कोन म्हनलं?
मी वही काढून बघितली. म्हणाले नव्हते. ते मीच लिहिलं होतं.

२६ जानेवारी, सोमवार
निकेश ठरल्याप्रमाणे आला. स्टेशनावरून थेट बिनबा गेटला गेला. मला फोन तिथूनच. म्हणाला, दादा, मस्त करमलं ना बाबाले. मानलं तुले.
मी 'थँक्यू' म्हणालो. मग विचार केला की हे योग्य आहे का. माझं उद्दिष्ट काय होतं? बाबांना चंद्रपुरात करमावं. करमलं. कुठल्या फ्लॅटमध्ये, असं मी एकवीस डिसेंबरला कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा कार्यक्रम यशस्वी, असं म्हणायला हरकत नाही.
झेंडावंदन आटोपून मीही गेलो. टपरीसमोर उन्हात सतरंजी टाकलेली. बाबा मधोमध. भोवती दहा-बारा जण, निकेश, पोचू, भाजीवाल्या. पुनम त्यांच्यात बसून वाटाणे सोलत होती. घरी वाटाणे मीच सोलतो, ती म्हणते वेळ नाही. बाबा कुणाला तरी त्या नाटकाचा, निकेशकडून कळलेला शेवट सांगत होते. आईने मुलीला शेवटी कसं ओळखलं ते. मलाही ऐकायचं होतं, म्हणून कडेला उभा राहिलो.
एका नव्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, हे कोन जी?
बाबांनी वळून पाहिलं. क्षणभर विचार केला. मग माझ्यासाठी सतरंजीवर जागा करत म्हणाले, "हे का? हे आमच्या सुनेचे मालक. बसा ना जी, बसा."
बसलो. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे.