चारशे अठरा माणसं पुसली गेली त्याची हकीकत

पुर्वोरेजो,
रमजानचा एकविसावा रोजा

आदरणीय थोरले बंधू मस प्रानोतो यांस धाकट्या हार्दोयोचा सलाम.

तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची साखर कितीवर आली? आणि पिंजऱ्यातला तुमचा कवडा पुन्हा घुमायला लागला, की अजून रुसूनच बसलाय? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. (ठीक म्हणजे अंथरुणाला खिळलेलो नाही. माझी कंबर गेली आहे, दोन्ही तळवे मोटरसायकलच्या मुठी धरून सोलवटले आहेत आणि उन्हाने नाक इतकं काळं पडलंय की मशिदीत शेजारच्या माणसाने मला ओळखलं नाही. पण ते पुढे येईलच.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच "म्हणजे काय?" असं विचारता आणि माझं बोलणं तिथंच संपतं. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून पत्र.

गेल्या ईदला तुम्ही आमच्याकडे आला होतात. माझ्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसलात आणि सगळ्यांसमोर मला म्हणालात की, बाबा रे, तुझी ही जुनी सिस्टीम आता कंपनीनेच वाऱ्यावर सोडली आहे, हिच्यात कोणी चोर शिरला तर पोलीससुद्धा येणार नाहीत, लिनक्स टाक. फुकट आहे, मोकळं आहे, कोणाच्या बापाचं नाही. बांडुंगच्या कॉलेजात तीस वर्षं वीज शिकवलेला माणूस, शिवाय आपल्या कार्तोदिमेजो घराण्याच्या मंडळाचा अध्यक्ष; मी काय बोलणार? मी नुसता चिटणीस. मान हलवली. तुम्ही विसराल असं वाटलं होतं. तुम्ही विसरला नाहीत. रमजानच्या तोंडावर, शाबानच्या शेवटच्या आठवड्यात कुरियरने पेन ड्राइव्ह आला, मोज्यात गुंडाळलेला (मोजा धुतलेला होता, आभारी आहे), आणि सोबत तुमच्या सुंदर अक्षरात कृतीचा कागद. पायऱ्या एक ते दहा.

मी जमीन मोजणी कार्यालयात चौतीस वर्षं काढली. आम्ही एकापासून मोजतो. कागदाच्या मागच्या बाजूला शून्य क्रमांकाची पायरी आहे हे आमच्यासारख्याला कसं सुचावं? कॉम्प्युटरवाली माणसं मोजणी शून्यापासून करतात हे मला नंतर कळलं. पण तोवर ते जाणून घेण्याची किंमत फारच वाढली होती.

पहिले दोन दिवस पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करण्यातच गेले. बटण दाबल्यावर कंपनीचं नाव दिसतं न दिसतं तोच वरच्या ओळीतली एक कळ दाबायची. कोणती, ते ज्याच्या त्याच्या मशीनवर. तुम्ही लिहिलं होतंत, "एफ बारा, नाहीतर एफ दोन, नाहीतर डिलीट, बघ कुठली लागू पडते ती." मी एफ बारा दाबली, जुनीच सिस्टीम उघडली. बंद केलं. एफ दोन दाबली, उशीर झाला, जुनीच उघडली. असं सव्वीस वेळा. शेवटी सुपार्तीला बोलावलं. ती बटण दाबणार, मी कळ दाबणार. पोटात अन्न नाही, घशाला कोरड, आणि आम्ही दोघं म्हातारे तिथे उभे राहून "एक, दोन, तीन" म्हणतोय. दहाव्या खेपेला ती म्हणाली, "अहो, आपल्या लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकं टक लावून बघितलं नव्हतंत तुम्ही." त्यानंतर तिने फडक्याने धूळ पुसायला म्हणून कीबोर्डवर हात फिरवला, आणि कुठली कळ दाबली गेली देव जाणे, निळा पडदा उघडला. ती कळ कोणती हे आजतागायत आम्हा दोघांनाही माहीत नाही.

पुढे मात्र सगळं भराभर झालं. भाषा विचारली, सांगितली. गाव विचारलं, नकाशात पुर्वोरेजो सापडेना, जकार्ता दिलं. मग त्याने विचारलं की, सगळं पुसून टाकून इन्स्टॉल करू, की दुसरं काही? मस, तुम्हीच सांगा, भर रमजानात "दुसरं काही" या शब्दांवर कोणी विश्वास ठेवेल का? आणि पुसणं मला योग्यच वाटलं. नवी चटई अंथरायची तर आधी जमीन पुसतातच की! मी होय म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मला त्याच्या अदबीचं कौतुक वाटलं. मी नक्की म्हटलं.

असराच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर पडद्यावर एक डोंगर दिसू लागला, त्यामागे गुलाबी आभाळ. इतकं स्वच्छ काही मी त्या मशीनवर कधी पाहिलं नव्हतं. मी सुपार्तीला हाक मारून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. माणसं कुठायत?"

घराण्याची वंशावळ. कार्तोदिमेजो पणजोबांपासून पाच पिढ्या, चारशे अठरा नावं, जन्म, लग्नं, मृत्यू, कोण कोणाचा कोण, अकरा वर्षं मी टंकत होतो ती. मी सगळीकडे शोधलं. डोंगराच्या मागे काही नव्हतं.

"पुसली गेली," मी म्हटलं.

"सगळी?"

"सगळी."

"मी पण?"

"तू पण."

"मग आज रोजा सोडायला स्वयंपाक कोणी करायचा?" असं म्हणून ती आत गेली. (स्वयंपाक केला. पण सोयाबीनचं तेंपे खारट झालं होतं, आणि मला विचारायची हिंमत झाली नाही.)

तुम्हाला कळवायचं टाळलं याची एकच सबब सांगतो. मला वाटलं, नावं त्या मशीनच्या पोटात कुठेतरी असतीलच, फक्त बाहेर काढायला हवीत. इंटरनेटवर विचारावं म्हटलं तर नव्या सिस्टीमला वायफाय दिसेना. फोन वायरने जोडला, कशीबशी वाट झाली. तिथे एका भल्या माणसाने एक ओळ दिली, ही काळ्या खिडकीत टाका म्हणून. टाकली. तिने पासवर्ड मागितला. मी टंकायला लागलो तर काहीच उमटेना. टिंब नाही, तारा नाही. दुपारभर कळा बडवल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन नवा कीबोर्ड आणला. त्यानेही उमटेना. मग त्याच भल्या माणसाने सांगितलं की काळ्या खिडकीत पासवर्ड दिसतच नाही, न दिसता टंकायचा असतो. अशी रीत कोणी आणि का पाडली ते विचारायची ताकद उरली नव्हती. ओळ चालली, चार तास कुरकुरली, आणि परत काय दिलं? माझ्या निवृत्तीच्या समारंभाचे अर्धवट फोटो. सगळ्यांत माझा हात आहे, तोंड नाही.

तेव्हा कागद उलटला आणि शून्याची पायरी वाचली. "आधी सगळ्या फाइलींची दुसरीकडे प्रत करून ठेव. हे विसरलास तर मला फोन करू नकोस." म्हणून फोन केला नाही. तुमची आज्ञा मोडली नाही एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवा.

मंडळाची सभा ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी. वंशावळ वाचल्याशिवाय आपल्याकडे जेवणाची पानं वाढत नाहीत. तेव्हा सातव्या रोजापासून मी मोटरसायकल काढली आणि घरोघर हिंडायला सुरुवात केली. मस, अकरा वर्षं मी सगळ्यांना छापील तक्ता पाठवायचो, "माहिती भरून परत करावी". ते भरून पाठवायचे, मी टंकायचो. दारात उभं राहून विचारणं ही वेगळीच गोष्ट आहे. बायानच्या तुमिराहने या खेपेला स्वतःचं वय सहा वर्षांनी कमी सांगितलं. मी म्हटलं, ताई, असं धरलं तर तुमचा थोरला झाला तेव्हा तुम्ही तेरा वर्षांच्या होता. ती जराही न डगमगता म्हणाली, "मग त्याचंही कमी कर." थोरला तिथेच बसला होता, नातवाला मांडीवर घेऊन. त्याला काही हरकत नव्हती. दोन घरांत सख्ख्या भावांची नावं सांगायला नकार मिळाला, एका विहिरीवरून. ऊन असं, की डांबर चिकटत होतं. घरी येऊन मी चटईवर पालथा पडायचो, आणि सुपार्ती काही न विचारता पाठीला तेल चोळायची. या सगळ्यात ती एकदाही रागावली नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सोळाव्या रोजाला कुतोआर्जोला बुदे सारिंतेनकडे गेलो. आपली आत्या शहाऐंशी वर्षांची झाली आहे, तिला रोजा माफ आहे, आणि ती तो माफ असल्याचा पुरेपूर उपयोग करते. माझ्यासमोर बसून ती दोन पेले गोड चहा प्यायली आणि तळलेलं केळं खाल्लं. मी वही काढली. म्हटलं, बुदे, वरून सुरुवात करू. कार्तोदिमेजो पणजोबांची मुलं सहा.

"सात," ती म्हणाली.

मी म्हटलं सहा, यादीत सहाच होती. ती म्हणाली, "यादी तुझी. मुलं त्याची. सात."

सातवी न्गादिनेम. आपल्या दोघांच्या आजोबांची, त्या दोघा भावांची, धाकटी बहीण, मस. तुमच्या आणि माझ्याही. साखर कारखान्यातल्या एका विधुर कारकुनाशी तिचं लग्न ठरवलं होतं. लग्नाच्या सकाळी चटया अंथरून झाल्या, ढोलवाले आले, आणि ही मागच्या दाराने निघाली ती पायी. सेमारांगला जाऊन कराराच्या कागदावर अंगठा उठवला आणि जहाजात बसून सुरिनामला उसाच्या मळ्यात. वय एकोणीस. त्या संध्याकाळी थोरल्या भावाने, म्हणजे तुमच्या सख्ख्या आजोबांनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं की आपण सहा भावंडं आहोत. तेव्हापासून आपण सहा. तिची पत्रं यायची. तुमचे आजोबा न उघडता परत पाठवायचे. एकच पाकीट चुकून बुदेच्या आईच्या हाती लागलं, तिने ते तांदळाच्या डब्यात लपवलं.

बुदेने ते मला दाखवलं. फोटो आहे. एक ठेंगणी बाई अनवाणी उभी आहे, कपाळावर आठी, अगदी आपल्या सगळ्यांच्या कपाळावर असते तशीच, आणि शेजारी उंचीप्रमाणे चार मुलं. मागे कोणाकडून तरी लिहवून घेतलंय: वागिमान, तुकिनेम, लेगी, आणि धाकटा कार्तो. आणि खाली, "दादाला सांग, राग माझ्यावर ठेव. पण मुलांची नावं वहीत लिही."

मी बुदेला विचारलं, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत? तिने केळ्याचं तेल बोटांवरून पुसलं. "तू तक्ता पाठवायचास," ती म्हणाली. "तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. आणि तू कधी बसला नाहीस."

परतताना एका झाडाखाली मोटरसायकल लावून मी बराच वेळ बसलो. रोजा नसता तर रडलो असतो. रोजात पाणी वाया घालवणं बरं नाही.

आज यादीत तीनशे ब्याण्णव नावं परत आली आहेत, आणि पाच अशी, जी कधी नव्हतीच. लिनक्सबद्दल माझी काही तक्रार नाही. ते चांगलं चालतं. डोंगरही सुंदर आहे. वहिनींना नमस्कार सांगा, आणि गुडघ्याला आल्याचा लेप लावत चला.

आपला आज्ञाधारक,
हार्दोयो

ता.क. खरं काम राहिलंच. सभेत वंशावळ चिटणीस वाचतो, हा रिवाज. या खेपेला पहिलं पान तुम्ही वाचावं. न्गादिनेमचं नाव माझ्या तोंडून आलं तर तुमच्या आजोबांच्या शाखेतले लोक उठून जातील, आणि मी पडलो धाकट्या शाखेचा. तुम्ही वाचलंत तर कोणी उठणार नाही. सातवं नाव आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन. पण मग मी वाचीन, एवढं आधी सांगून ठेवतो.

ता.क. दुसरा. प्रिंटर नव्या सिस्टीमला ओळखत नाही. तो नुसता लाल दिवा लावून बसतो. तेव्हा यादी हातानेच लिहितोय.

ता.क. तिसरा, सुपार्तीकडून. मस, हे पाकीट टाकायला त्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी. जुन्या यादीची छापलेली प्रत घरातच होती. कपाटात वर्तमानपत्रांखाली मला ती, हे घरोघर हिंडायला लागले त्याच्या तिसऱ्याच दिवशी सापडली, चारशे अठराच्या चारशे अठरा. द्यायलाच निघाले होते. पण निवृत्त झाल्यापासून आठ वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच स्वतःहून चपला घालून कोणाच्या घरी निघाला होता, मग थांबले. नंतर सहज चाळली, तर त्यात मी सुपार्नी आहे. अकरा वर्षं, दर ईदला, चारशे माणसांसमोर सुपार्नी, आणि मला वाटायचं वाचताना यांची जीभ अडखळते. ती पानं मी तांदळाच्या पापड्यांच्या डब्यात तळाला घातली आहेत. तेल चांगलं शोषतात. पापड्या सभेला घेऊन येतेच आहे.