बॅगेवर टेकलेला सूर्य

९ जुलै
यादिराला पंधराव्या वाढदिवसाचे फोटो मावळतीच्या उन्हातच हवेत! जुलैत! लिमात! मे महिन्यापासून इथे आभाळावर मळकी गोधडी पसरलीय. पण तिच्या आईला मी हो म्हणून बसले. आता माझ्या फोटो स्टुडिओतच सूर्य मावळवायचा.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "तुमच्या लिमात एवढंच राहिलं होतं." त्या पिउराच्या — तिथे ऊन फुकट. रोमुलोला, माझ्या नवऱ्याला, जाऊन वर्ष झालं, त्याच्यासाठी चर्चमधल्या मिस्साला आल्या. अठ्ठावीसचा स्वातंत्र्यदिनाचा सण झाला की जाणार. कापडी बॅग भरून पलंगापाशी तयार, रोज चेन तपासतात. त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. नवरा गेलाच, आता भांडायलाही कुणी उरणार नाही.

११ जुलै
पानेतोन पावाचा केशरी कागद दिव्यावर ताणून बसवला. खोली झकास पेटली! फोटो मात्र पांढराफटक. कॅमेऱ्याला वाटलं मीच चुकले, त्याने शहाणपणा करून रंग सुधारला. त्याचं डोकं बंद केलं. तोवर कागद पेटला. घरभर करपट वास.

आतून सासूबाई — "मावळला का गं सूर्य?"

१२ जुलै
कागद दिव्यापासून हातभर लांब, तारेवर टांगला. रंग जमला. सासूबाई दारातून — "हा सूर्य नाही, अंड्याचा बलक. आणि डोक्यावर कसला? दुपार आहे का?"

स्टँड फार उंच, जमीन फार खाली. शेवटी त्यांची बॅग मागितली.

"आत कपडे आहेत माझे!"

"असू देत आई. दिवाच ठेवायचाय वर."

"सणापर्यंत. मग मला माझी बॅग हवी, सांगून ठेवते."

१५ जुलै
सासूबाई केळ्याचे काप खात सूर्यासमोर बसतात, डोळे मिटून. चाचणी चाललीय म्हणे!

२६ जुलै
उद्या यादिरा येणार. सासूबाईंना बसवून शेवटचा फोटो काढला. नाकाखाली ही काळी सावली!

"अगंबाई, मला मिशी! त्या पोरीलाही फुटणार का उद्या?"

दिवा अजून वीतभर खाली हवा. बॅग तर टम्म फुगलेली. पुठ्ठे लावले, सगळं डगमगलं. वैतागून झोपायला चाललेय. परवा सण, तेरवा त्यांची बस. रडू येतंय.

२७ जुलै
सकाळी स्टुडिओत गेले तर सूर्य वीतभर खाली उतरलेला. बॅग चपटी. कपाट उघडलं — रोमुलोच्या रिकाम्या कप्प्यात सासूबाईंचे झगे, नीट घड्या घालून.