ओहायोतला मुलगा

न्यूयॉर्क, ६ ऑगस्ट १९७९

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. सेक्रेटरीकडून टाइप करून घेतलेलं, खाली तुमची सही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, त्यात ‘ओहायोतल्या मुलाचं पुढे काय झालं’ हे प्रकरण घालायचंय, माझी परवानगी हवी. बारा वर्षांनी का होईना, विचारलंत.

पेशंटबद्दल लिहिताना तुम्ही मनोविश्लेषक नाव-गाव बदलता. म्हणून मला मुलगा केलंत, ओहायोला धाडलंत, इंजिनिअर बाप दिलात. पण आठव्या वर्षी सगळ्या बाहुल्यांचे केस कापून शेजारच्या मिसेस ओरबाखच्या पत्रपेटीत कोंबणारं पोर अख्ख्या अमेरिकेत एकच होतं. कॉलेजच्या लायब्ररीत, तुमच्या धंद्याच्या मासिकात, ते पान वाचलं आणि मी स्वतःला ओळखलं. तुमच्या मते तो राग उपजतच. ह्या पोराला माणूस एक तर देव दिसतो नाही तर राक्षस. हेवा त्याला पोखरतो. लाड न करता त्याचा राग त्याच्या तोंडावर दाखवून द्या. वर बॉर्डरलाइन, म्हणजे वेडाच्या उंबरठ्यावरचा, म्हणून शिक्का. पुढच्याच अंकात आईचं उत्तर छापलेलं, तीही मनोविश्लेषकच: राग नंतरचा, आधी भूक. कौतुकानं बघणारे डोळेच मिळाले नाहीत म्हणून पोर आतून पोकळ राहिलं आणि आता स्वतःच्याच प्रेमात असल्याचं सोंग आणतंय.

जेवणाच्या टेबलावरही हेच. मी सूपची वाटी ढकलली की तुम्ही म्हणायचात, “बघ, हल्ला करतेय.” आई उसळायची, “हल्ला कसला डोंबलाचा, एमिल? तू तिच्याकडे एकदा तरी बघितलंस का?” “तूच चढवून ठेवलीयस तिला!” “आणि तू तिचा बाप आहेस की पंच?” ते सूप मला फक्त खारट लागलं होतं.

केस का कापले, हे दोघांपैकी एकानंही मला विचारलं नाही. तुम्हाला आधीच सगळं ठाऊक! शाळेत उवा झाल्या, नर्सनं माझे केस भादरले, मुली फिदीफिदी हसल्या. बाहुल्या तरी माझ्यासारख्या दिसाव्यात, म्हणून कापले. आणि मिसेस ओरबाख केसांचे टोप बनवायच्या, त्यांना ते केस उपयोगी पडतील असं वाटलं. ते बोडकं डोकं घेऊन मी रोज तुमच्यासमोर जेवत होते, बाबा.

खरं सांगायचं तर दोघंही थोडे थोडे बरोबर होतात. राग होता, भूकही होती. दोन्ही तुम्हीच दिलेली. घटस्फोटानंतर तुम्ही पुस्तकं वाटून घेतलीत, माझ्यावरचे लेखही आपापले घेऊन गेलात. मला तुम्हा दोघांचा संताप येतो, अजूनही.

परवानगी देणार नाही.

पण पत्र लिहायचं कारण ते नाही. सोळा तारखेला, गुरुवारी सकाळी नऊला माझं ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे, कसली ते उघडल्यावर कळेल. ऑगस्टमध्ये तुमची सगळी जमात पेशंटना वाऱ्यावर सोडून समुद्रकाठी जाते, हे मला माहीत आहे. आईलाही आजच लिहितेय. दोघं या. वही आणू नका. बाहेरच्या बाकावर बसा आणि तेवढा वेळ भांडू नका. मला फार भीती वाटतेय, बाबा. ह्याचा अर्थ लावत बसू नका, नुसते या.

तुमचीच,
थेआ