दादाच्या गाडीचं तोंड

कोल्हापूर, रविवार, २२ नोव्हेंबर १९९८

दादाची गाडी आज गडहिंग्लजच्या गिऱ्हाइकाकडं पोचवली. दादा गेल्यापासून आठ महिने ती दारात बंदच होती. बापू ड्रायव्हरनं आपली जुनाट पिकअप आणली, मागं ट्रॉली जोडली. गाडी ट्रॉलीवर चढवताना वहिनी म्हणाली, "तोंड घराकडं असू दे."

बापू म्हणाला, "वैनी, इंजिनाचं वजन पिकअपकडं पायजे. मागं गेलं की ट्रॉली शेपूट हलवतीया."

वहिनी गाडीपासून हलली नाही. बापूनं माझ्याकडं पाहिलं. त्याचं बरोबर होतं, तरी मी म्हणालो, असू दे. का म्हणालो?

कागलच्या पुढं ट्रॉली डोलायला लागली, तिच्याबरोबर पिकअपही. समोरून एस.टी. बापूनं ब्रेक मारला नाही, नुसता अ‍ॅक्सिलेटर सोडला आणि हळूहळू कडेला घेतली. मग म्हणाला, "काय राव, भावाच्या मागनं तुमाला बी जायाचं हुतं व्हय?"

चहाच्या टपरीवरच्या माणसांनी हात लावला. गाडी उतरवली, फिरवली, परत चढवली. बॉनेटवर हात ठेवून मीच तिचं तोंड घराकडून वळवत होतो. पुढं ट्रॉली अगदी सरळ चालली.

संध्याकाळी वहिनीनं विचारलं, "भाऊजी, तोंड इकडंच होतं न्हवं?"

हो म्हणायचं ठरवूनच आलो होतो. जमलं नाही. सांगितलं, कागलपुढं फिरवावं लागलं.

तिनं दारातल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे हे आता गेलेच म्हणायचं."