गुळाच्या पाण्याची ओंजळ

तळोदे, माघ, १९३४

सौ. वहिनीस रतिलालचा नमस्कार.

सवयीने 'सौ.' लिहून गेलो. ते खोडून दुसरं लिहायला हात धजत नाही, म्हणून हे पत्र टपालात पडायचं नाही.

नवलभाऊंची अफू तुम्ही सोडवलीत. हरभऱ्याएवढी गोळी मुगाएवढी केलीत, मग मोहरीएवढी, आणि वर्षभरात बंद. बांधाच्या भांडणामुळे मी तुमच्याकडे येत नव्हतो, तरी मला हे ठाऊक होतं.

समेटाच्या दिवशी तुम्ही दारातच म्हणालात, "भाऊजी, तेस्ले कसुंबा दिऊ नका." मी मान हलवली. पण आत सारे भाऊबंद बसलेले. हा कसुंबा, पाण्यात घोळलेली अफू, ओंजळीतून पाजल्याशिवाय आपल्यात वैर मिटलं असं कोण मानतं? मी ओंजळ पुढे केली. भाऊ हळूच म्हणाले, "गुळनं पानी दे. तुन्हा हातनं पिसू."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मंग वैर शेच ना?"

वैर अजून आहेच असं कुणी म्हणू नये, म्हणून ते प्याले. पूर्वीसारख्या तीन ओंजळी. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, सवय सुटलेल्या शरीराला जुनं माप सोसत नाही. तुम्ही माहेरी, प्रकाशा गावी, निघून गेलात.

परवा काकांच्या दोन मुलांचा समेट झाला. ओंजळ मीच धरली, तिच्यात गुळाचं पाणी होतं. सगळे प्याले, वहिनी. वैर मिटलं नाही असं कुणीही म्हणालं नाही.

तुमचा अपराधी,
रतिलाल