जप्त केलेली ठोकळ्यांची पेटी परत करणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
रानपाखरू बालशिक्षण प्रकल्प, तळेघर विभाग

विषय : उंबरटेक बालवाडीची ठोकळ्यांची पेटी विनाअट परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या पर्यवेक्षकांचा भेटीच्या वेळचा तोंडी आदेश.

महोदय,

मी समृद्धीची आई. लेक दुपारची झोपली आहे तोवर लिहीत आहे; ती उठली की अर्ज असेल तिथे थांबेल.

१. बालवाडीत आरतीताई मुलांना रंगीत ठोकळ्यांतून कोडिंग शिकवतात. लाल म्हणजे एक पाऊल पुढे, निळा म्हणजे डावीकडे वळ, पिवळा म्हणजे थांब. एक मूल रांग मांडते, दुसरे 'यंत्र' होऊन तसेच चालते. ते हंड्याला धडकले तर यंत्राला हसायचे नाही, रांगेतली चूक शोधायची. पूर्वी काही बिघडले की माझी लेक रडत बसायची. आता म्हणते, "थांब आई, कोणता ठोकळा चुकला बघू."

२. भेटीच्या दिवशी पर्यवेक्षक साहेब हौसेने यंत्र झाले. रांग खिडकीकडे जात होती, साहेब सवयीने खुर्चीकडे वळले. समृद्धी म्हणाली, "ओ पावणं, यंत्र आपल्या मनानं वळत न्हाई!" पोरे खदखदून हसली. यंत्राला हसायचे नाही हा नियम मोडला, एवढा गुन्हा कबूल.

३. लगेच आदेश झाला की पडद्याशिवाय कोडिंग होत नाही. पेटी जप्त होऊन आपल्या कार्यालयाच्या कपाटात, बदल्यात एक टॅब. त्याला रेंज लागते आणि रेंज वरच्या टेपाडावर. "लेकरं घेऊन रोज टेपाड चढू का, साहेब?" असे आरतीताईंनी विचारले, तर "व्यायामही होईल" असे उत्तर मिळाले.

४. आता निरोप आला आहे की मुलीच्या वतीने माफीनामा द्या, मगच पेटी मिळेल. तो मी देणार नाही. चूक दाखवली म्हणून आज तिला माफी मागायला लावली, तर जन्मात ती कुणाची चूक दाखवणार नाही. स्वतःचीसुद्धा.

५. मुले थांबलेली नाहीत. हिरडा म्हणजे पुढे, उंबराचे पान म्हणजे वळ, खडा म्हणजे थांब. हेही जप्त करायचे असेल तर ट्रक मोठा आणावा, आमचा डोंगर लई मोठा आहे.

तरी पेटी आमची आहे, ती परत करावी. लेक उठली.

आपली नम्र (माफीनामा वगळून),
वृषाली, समृद्धीची आई
मु. उंबरटेक, ता. आंबेगाव
दि. १८ मार्च २०२५

सोबत : आपल्या कपाटापासून बालवाडीच्या दारापर्यंत पेटी आणण्याची रांग, समृद्धीने रंगवलेली. साहेबांनी कृपया मध्येच खुर्चीकडे वळू नये.