बुजवलेल्या खिडक्यांबद्दल आभार

शुक्रवार, २१ जुलै २००६

आज सकाळी आंघोळ करून निरांजन लावलं, खंडोबाच्या टाकाला हळद वाहिली आणि मग एका माणसाची माफी मागितली. त्याला जाऊन अडीचशे वर्षं तरी झाली असतील. नाव मला माहीत नाही. कोणालाच नाही. म्हणून नुसतं ‘महाराज, चुकलो’ म्हणालो.

काल वर्गात झालं ते असं. अल्बनीचा कॅम्पस, सं. पाच ते सात, अठराव्या शतकातलं इंग्रजी वाङ्मय. पन्नाशीला टेकलेला मी एकटा, बाकी सगळी आमच्या मुक्ताच्या वयाची. हेलनबाईंनी वाचायला आठ पानांचं एक जुनं पत्रक दिलं होतं, लेखकाचं नाव नसलेलं. तेव्हा इंग्लंडात घराच्या खिडक्यांवर कर होता. लोकांनी विटा लावून खिडक्या बुजवून टाकल्या. या माणसाने त्याबद्दल प्रधानमंत्र्यांचे आठ पानं आभार मानले आहेत.

आठवडाभर शब्दकोश घेऊन वाचलं होतं. धीर करून हात वर केला. म्हणालो, लेखक फार विनयशील आहे, सरकारविषयी मनात कृतज्ञता आहे. आमच्याकडेही मान्यवरांना असंच मानपत्र देतात, फ्रेम करून, शाल-श्रीफळासह. मी स्वतः पुष्कळ लिहिली आहेत.

शेजारची मुलगी हळूच म्हणाली, “आय थिंक ही’ज नॉट थँकिंग देम.”

आमच्या गावच्या शाळेत छापील कागदाला पाय लागला तर उचलून कपाळाला लावायचो. छापील माणूस उलटं बोलत असेल हे मनातच येत नाही.

हेलनबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तेव्हाही कितीतरी जणांनी हे सरळच वाचलं असणार. आज आम्हाला तो वाचक भेटला. परत येताना हार्बर ब्रिजवर गाडी चालवत होतो, पण कान तापलेलेच होते.

रविवार, २३ जुलै

पत्रक पुन्हा वाचलं. या वेळी दुसऱ्याच माणसाने लिहिल्यासारखं वाटलं.

म्हणतो, अंधारात गरीब बाईला पोराचा उतरलेला चेहरा दिसत नाही, ती सुखाने झोपते, केवढे हे सरकारचे उपकार. म्हणतो, परमेश्वराने उजेड केला तेव्हा खजिनदाराला विचारलं नव्हतं. ती घाईतली चूक आता दुरुस्त झाली.

हेलनबाईंचा अंदाज, हा खेड्यातला पाद्री असावा. असेलच. देवाचं नाव घेऊन थट्टा करतो आणि देवाला ओरखडा उठत नाही. उलट मलाच उजेड जास्त पवित्र वाटायला लागला. स्वयंपाकघरात इथल्या जुलैच्या थंडीतलं ऊन आलं होतं, भांडी तशीच ठेवून बघत बसलो.

बायको, शैला, फार्मसीतल्या कामावरून आली. “काय बघताय?”

“ऊन.”

“मग कपडे तरी वाळत घाला.”

बुधवार, २६ जुलै

सहा ते दोनची शिफ्ट संपवून वडिलांना, अण्णांना, मराठी मंडळाच्या हॉलवर न्यायला घरी आलो. नेहमीचा बुधवार. अण्णा कपडे करून बसलेले नव्हते.

“मी नाही येत. आणि सदा, तिकिटाचं बघ. मी गावी जातो.”

मागल्या बुधवारपासून ज्येष्ठांना कोपऱ्यातली खोली नाही. अध्यक्षांनी तिथे मंडळाचं ऑफिस केलं. कॉम्प्युटर आला, साउंड सिस्टिमची कपाटं आली. म्हाताऱ्यांना मागे किचनशेजारच्या खोलीत बसवलंय. तिथे छताजवळ एक लहानशी खिडकी, ती दक्षिणेला. या देशात ऊन उत्तरेकडून येतं. अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, ‘इथे देवाने नकाशा उलटा धरलाय.’

कोपऱ्यातल्या खोलीला तीन मोठ्या खिडक्या आहेत. तिथे उन्हात बसून अण्णा सहा-सात जणांना पोथी वाचून दाखवायचे. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, आठवड्यातून दोन तास पुन्हा मास्तर व्हायचा. डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या खोलीतल्या ट्यूबखाली त्यांना अक्षर लागत नाही. मागल्या बुधवारी पान उलटलं आणि गप्प बसले म्हणे. त्यांनी पोथी मिटली.

तिकिटाची चौकशी मी पुढे ढकलली.

मोहनरावांचा फोन. ते मंडळाचे अध्यक्ष. “सदाशिवराव, बारा ऑगस्टला आपला वर्धापनदिन. मानपत्र तुमच्याच हातचं पाहिजे हं. कमिटीने शीर्षकसुद्धा ठरवलंय. ‘ज्येष्ठांची सावली’.”

“कोणाला द्यायचंय?”

हसले. “अहो, मलाच. मी नको म्हणत होतो. घ्या लिहायला, हीप्स वेळ आहे, पुष्कळ.”

हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? पाच वर्षांपूर्वी आम्ही विमानातून उतरलो तेव्हा पहिले अकरा दिवस त्यांच्या गॅरेजमागच्या खोलीत काढले. मुक्ताला ताप आला तेव्हा पहाटे त्यांनीच दवाखान्यात नेलं.

शीर्षक अण्णांना सांगितलं. म्हणाले, “सावलीच दिली की त्याने. खोटं काय त्यात?”

शुक्रवार, २८ जुलै

काल वर्ग. मी विचारलं, या पत्रकवाल्याचं पुढे काय झालं?

त्याचं काही नाही. तो सापडलाच नाही. सापडला तो छापणारा. लेखकाचं नाव सांग, सोडतो, म्हणाले. सांगितलं नाही. मग त्याला भर बाजारात खोड्यात उभं केलं. मान आणि हात लाकडात अडकवलेले, समोर लोक. कुजका भाजीपाला मारायची रीत होती. याला मात्र कोणी मारला नाही, असं म्हणतात.

मी वहीत काही लिहूच शकलो नाही. एक जण अंधारात बसून लिहितो, दुसरा त्याच्यासाठी उजेडात उभा राहतो. त्या दोघांत मोठा कोण?

हेलनबाई म्हणाल्या, कोणाला वाटतं हे दोघे एकच होते. पुरावा नाही.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

मंगळवार, १ ऑगस्ट

ईस्ट टामाकीत, आमच्या कारखान्यात, नेहमीचा दिवस. मधाच्या बाटलीचं लेबल तपासायला आलं. पुढे सोनेरी अक्षरांत एका फुलाचं नाव, मागे बारीक अक्षरांत ‘मिश्र फुलांचा’. परत पाठवलं. छपाईवाला वैतागला, “मेट, इट लुक्स ऑल राइट!” दिसायला ठीकच होतं. पण लेबलवर जे आहे ते बाटलीत असलंच पाहिजे. पाच वर्षं हाच माझा धंदा.

आणि मानपत्रं? गेल्या पाच वर्षांत अकरा लिहिली. कर्णासारखे दानशूर, सागरासारखे विशाल. एकदाही बाटलीचं झाकण उघडून पाहिलं नाही.

बुधवार, २ ऑगस्ट

अण्णा आज पण आले नाहीत. त्यांची बैठकीची उशी आणायला एकटाच गेलो.

मागच्या खोलीत कोणीच नाही. बाहेरून बोलणं ऐकू आलं. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीला टेकून खुर्च्यांची रांग मांडलेली, त्यावर चार म्हातारे, प्रत्येकाच्या मांडीवर ब्लँकेट. सिना पाचवी खुर्ची ओढत होती. ती हॉलची केअरटेकर, सामोअन बाई, साठीची असेल. पायात जँडल, म्हणजे रबरी चपला, या थंडीत.

मला म्हणाली, “व्हेअर इज टीचर? हिज चेअर इज हियर.”

ब्लँकेट्स तिने घरून आणली होती. मराठीतलं तिला ओ की ठो कळत नाही. पण कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला वाऱ्याकडे पाठ लागते, सगळं ठाऊक. कुलकर्णीआजी म्हणाल्या, “तीन वर्षं झाली, आम्ही यायच्या अर्धा तास आधी हीटर लावून ठेवते बघा. आपल्याला कुठे माहीत होतं!”

मलाही नव्हतं.

शनिवार, ५ ऑगस्ट

लिहिलं. एका बैठकीत. त्या पत्रकवाल्याला मनात नमस्कार करून सुरुवात केली.

‘ज्येष्ठांना उन्हाच्या त्रासातून सोडवणारे’ असं मोहनरावांना म्हटलं. ‘ज्यांनी पोथीची पानं मिटवून वृद्धांच्या डोळ्यांना विश्रांती दिली.’ ‘सूर्य रोज उगवतो, पण त्याला योग्य जागा दाखवणारा अध्यक्ष युगातून एखादाच.’ इतकं चांगलं मी जन्मात लिहिलं नसेल. शेवटी नेहमीसारखं ‘कार्यकारिणी’ लिहिलं. माझं नाव नाही.

दिवसभर तरंगत होतो. हे खरं लिहून ठेवायला हवं.

रविवार, ६ ऑगस्ट

अण्णांना वाचून दाखवलं. ते पलंगावर बसून ऐकत होते. मी मध्ये थांबून बघायचो, आता हसतील, आता हसतील.

संपलं. मग म्हणाले, “चांगलं झालंय. तुलाही असंच वाटतं का रे?”

“कसं?”

“की आमच्या डोळ्यांना विश्रांतीच बरी.”

मी त्यांचाच विद्यार्थी, आणि ते माझेच वडील. मुलाने लिहिलंय म्हणजे मनापासूनच लिहिलंय. मी वर्गात जे केलं तेच.

समजावून सांगितलं. पत्रक, खिडक्या, खोडा, सगळं. कळल्यावर मात्र हसले, खोकला येईपर्यंत हसले. “खजिनदाराला विचारलं नव्हतं! बामण खट दिसतोय तुझा.” पाद्री म्हणजे त्यांच्या लेखी बामणच.

मग गंभीर झाले. “सदा, मला कळलं नाही, तर त्या कुलकर्णीबाईंना कळेल? त्या टाळ्या वाजवतील. मोहनरावही खूश होईल, फ्रेम भिंतीला लावेल. म्हणजे ज्याला टोचायचं त्याला हार, आणि ज्याला आधीच लागलंय त्याला आणखी एक.”

“त्या माणसाला जमलं होतं की.”

“त्याचा हात मोठा होता. तुझा हात लेबल तपासणाऱ्याचा आहे. तोही काही वाईट नाही.” आणि थोड्या वेळाने, “त्या खुर्च्या मांडणाऱ्या बाईचं नाव काय म्हणालास?”

मंगळवार, ८ ऑगस्ट

सिनाचं मानपत्र लिहून झालं. कर्ण नाही, सागर नाही. हीटर केव्हा लावते. कोणाची खुर्ची कोणत्या कोनात ठेवते. कोपऱ्यातली खोली गेल्यावर तिने उत्तरेच्या भिंतीला रांग कशी मांडली, ब्लँकेट्स कुठून आणली. आणि ती टीचरची खुर्ची, जी रिकामी राहते तरी ती मांडते. प्रत्येक वाक्य कुलकर्णीआजींना फोनवर वाचून दाखवलं आणि खरं आहे ना विचारलं. त्या दोन ठिकाणी थांबल्या. एके ठिकाणी मी चुकलो होतो, ब्लँकेट्स चार नाहीत, सहा.

मुक्ता सिनासाठी इंग्रजी करत होती. मध्येच थांबली.

“बाबा, इट’स नॉट इव्हन रूड.”

“नाही.”

“बट मोहनकाका इज गोइंग टू फील टेरिबल.”

“मग?”

“नथिंग. इट’स जस्ट ऑल ट्रू.” आणि पुन्हा टाइप करायला लागली.

शनिवारचा कागद फाडला नाही. पत्रकात घालून ठेवला. त्या माणसाच्या शेजारी बसायची त्याची लायकी नाही, पण पायाशी चालेल.

बुधवार, ९ ऑगस्ट

पूजेला आज जरा जास्त वेळ बसलो. मागितलं काही नाही. शिफ्टनंतर थेट मोहनरावांच्या घरी गेलो. बाहेर तीच गॅरेजमागची खोली. खिडकीत अजून तो निळा पडदा.

चहा आला. मी म्हणालो, “मानपत्र आणलंय. पण ते सिनाचं आहे. तुमचं मला लिहिता आलं नाही.”

“म्हणजे?”

“शनिवारी तुमच्या हाताने तिला द्यावं, एवढी विनंती.”

चष्मा लावून वाचायला लागले. पहिल्यांदा भराभर, अध्यक्ष वाचतात तसं. ‘कोपऱ्यातली खोली गेल्यावर’ इथे आले आणि हळू झाले. रिकाम्या खुर्चीपाशी थांबले. शेवटपर्यंत गेले, पुन्हा मागे आले.

“यात माझं नाव कुठेच नाही.”

“नाही.”

“मुद्दाम?”

“हो.”

चहावर साय धरली होती. म्हणाले, “हे कमिटीत कोणाकोणाला दाखवलंत?”

“कोणालाच नाही. त्या गॅरेजमागच्या खोलीतले अकरा दिवस मी विसरलो नाही, मोहनराव. म्हणून आधी तुमच्याकडे.”

“आणि मी दिलं नाही तर?”

“तर माझ्याकडे नक्कल आहे. मी सिनाला घरी जाऊन देईन. शाल मी आणीन.”

कागद त्यांनी उलटून पाहिला, जसं मागे आणखी काही असेल. काही नव्हतं. खाली उजव्या कोपऱ्यात आजवर नेहमी ‘कार्यकारिणी’ असायचं, तिथे मी माझं पूर्ण नाव लिहिलं आहे, वडिलांच्या नावासकट. त्यांनी बोट त्यावर ठेवलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. कागद मात्र परत दिला नाही.

घरी आलो. अण्णा ओट्याजवळच्या उन्हात खुर्ची ओढून बसले होते.

“दिलंस?”

“दिलं.”

“सही?”

“केली.”

त्यांनी मान हलवली. तिकिटाबद्दल आज ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.